उशिरा उघडलेली वाट

आमच्या वस्तीचे नाव बेव्हर्ली पार्क. नाव साहेबी असले, तरी वस्ती मुळीच साहेबी नाही. मीरा रोडच्या पूर्वेला उतरून रिक्षा केली, की थोड्याच वेळात तुम्ही आमच्या इमारतींच्या दाटीत येऊन पोचता. एके काळी या सगळ्या भागात मिठागरे होती. आता मिठाच्या जागी माणसे वाळत घातलेली असतात, असे मी विनोदाने म्हणतो. आमच्या इमारतीला मैदान नाही. धावायची हौस असलेली पोरे इमारतीभोवतीच धावतात आणि 'किती फेऱ्या झाल्या' यावर भांडतात.

२०१६ सालच्या १५ ऑगस्टची गोष्ट. सकाळी झेंडावंदन झाले, दुपारी जेवण झाले, आणि दिवेलागणीनंतर खालच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडी आम्ही आठदहा माणसे टीव्हीपुढे बसलो. तिकडे ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोला, सकाळ होती. स्त्रियांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी होती, आणि तीत आपल्या सातारा जिल्ह्यातली एक मुलगी उभी होती. ललिता शिवाजी बाबर. गाव मोही, तालुका माण. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत एखादा भारतीय अंतिम फेरीला पोचला, तो १९८४ सालच्या पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी!

आमच्यापैकी निम्म्यांना स्टीपलचेस म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मास्तर म्हणून ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मूळ खेळ घोडेस्वारांचा. एका गावच्या चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या गावच्या शिखरापर्यंत कुंपणे आणि ओढे ओलांडीत दौडत जायचे. पुढे घोडा गेला आणि माणूस स्वतःच्या पायांवर धावू लागला. साडेसात फेऱ्यांची शर्यत. तीत अठ्ठावीस वेळा आडवा ओंडका आणि सात वेळा ओंडक्यापलीकडे पाण्याचा खड्डा. साध्या अडथळ्याच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. इथला ओंडका पडत नाही, आपणच पडतो.

माण तालुक्यातच शंभू महादेवाचे शिखर शिंगणापूर आहे. शिखराकडे पाहत पाणी आणि कुंपणे ओलांडीत जायची ही शर्यत त्या तालुक्यातल्या मुलीच्या वाट्याला यावी, हा योग मला फार मोठा वाटला. फरक एवढाच, की माणदेशात ओलांडायला पाणी सहसा नसते. महादेवाच्या डोंगराने पाऊस अडवलेला तो मुलूख. तिथे पाण्यासाठी चालावे लागते, पाण्यावरून उडी मारावी लागत नाही.

शर्यत सुरू झाली. बहारीनची रूथ जेबेट लवकरच सगळ्यांना मागे टाकून निघून गेली आणि शेवटी तिनेच सुवर्णपदक घेतले. ललिता दहावी आली, ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत. खोलीत कोणीतरी म्हणाले, "अरेरे, दहावीच आली." मी गप्प राहिलो. त्या 'अरेरे'चे उत्तर द्यायचे मनात होते, पण ते सुचायला मला कित्येक वर्षे लागली. आज ते देत आहे.

ललितेचा जन्म २ जून १९८९ चा. घर शेतकऱ्याचे. २००५ साली पुण्यात तिने वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि मग ती लांब पल्ल्याची धावपटू झाली. जानेवारी २०१४ मध्ये मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय स्त्रियांच्या गटात तिने लागोपाठ तिसऱ्यांदा पहिला क्रमांक पटकावला. त्या पहाटे मीही लोकल पकडून पेडर रोडच्या चढावर जाऊन उभा होतो. चढ लागला की बहुतेकांचे तोंड वाकडे होते. ती मात्र सपाटीवर असल्यासारखी निघून गेली. 'माणदेशी एक्सप्रेस' हे नाव लोकांनी तिला उगीच दिलेले नाही.

मॅरेथॉन जिंकणाऱ्या या मुलीने मग मोठा पल्ला सोडून तीन हजार मीटरचे ओंडके जवळ केले. वय चोवीस-पंचवीस. इथून पुढचा हिशेब मी माझ्या वर्गातल्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवतो. २०१४, इंचॉनचे एशियाड: ब्राँझपदक, ९ मिनिटे ३५.३७ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. २०१५, वुहानची आशियाई स्पर्धा: सुवर्णपदक, ९ मिनिटे ३४.१३. त्याच वर्षी बीजिंगची जागतिक स्पर्धा: पात्रता फेरीत ९ मिनिटे २७.८६, आणि अंतिम फेरीत जगात आठवी. २०१६ साली तिचीच मोठी प्रतिस्पर्धी सुधा सिंग हिने शांघायला ९ मिनिटे २६.५५ अशी वेळ देऊन विक्रम परत घेतला. तो ललितेने १३ ऑगस्टला रिओच्या पात्रता फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत धावून पुन्हा आपल्याकडे आणला.

आता वजाबाकी करा. दोन वर्षांत जवळजवळ सोळा सेकंद. इंचॉनची ललिता आणि रिओची ललिता एकाच मैदानावर धावल्या असत्या, तर दुसरी शर्यत संपवून उभी राहिली तेव्हा पहिली ऐंशी मीटर मागे असती. पंचविशीनंतर स्वतःलाच ऐंशी मीटर मागे टाकणारी मुलगी! तिची धाव अजून चढणीलाच होती.

आणि तिथेच ती थांबली. त्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१७ साली लग्न झाले. पुढे राज्य शासनाने उपजिल्हाधिकारीपद दिले. धावणाऱ्या मुलीला आपण 'ती' म्हणतो. आता 'त्या' म्हणायला हवे. एखाद्या धावपटूने कधी थांबावे हे सांगण्याचा अधिकार तिच्याशिवाय कोणालाही नाही. टीव्हीपुढे चिवडा खात बसलेल्या मास्तराला तर नाहीच. पण रिओचा तो ९ मिनिटे १९.७६ चा विक्रम तसाच राहिला. २०२३ साली बुडापेस्टला पारुल चौधरीने ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत धावून तो मोडला, तेव्हा त्याला सात वर्षे झाली होती. पुरे तीन हंगामही न धावता मागे सोडलेले काम सात वर्षे कोणाला ओलांडता आले नाही.

लोक हळहळतात ती ही गोष्ट लवकर संपली म्हणून. माझी हळहळ वेगळी आहे. ही गोष्ट उशिरा सुरू झाली, त्याचे काय? चोवीस वर्षांपर्यंत ही मुलगी आपल्या खऱ्या शर्यतीपासून दूर का राहिली? याचे उत्तर शोधायला निघालो, तेव्हा मला मोहीहून थेट अॅमस्टरडॅमला जावे लागले.

भारताचा पहिला ऑलिंपिक संघ १९२० साली अँटवर्पला गेला, त्यात आपल्याकडची माणसे होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांना परदेशी पाठवण्याची खटपट केली. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. म्हणजे आपल्या मातीतल्या पुरुषाला जगाची वाट शंभर वर्षांपूर्वीच मोकळी झाली होती.

स्त्रियांसाठी १९२८ साली अॅमस्टरडॅमला एक दार किलकिले झाले. आठशे मीटरची शर्यत प्रथमच ठेवण्यात आली. २ ऑगस्टच्या अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी ती पुरी केली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली. पहिल्या तिघींनी आधीचा जागतिक विक्रम मागे टाकला. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. शंभर मीटरच्या उपांत्य फेरीत ती बाद झाली होती. रिकाम्या हाताने मायदेशी कसे परतावे, म्हणून पूर्वी कधी स्पर्धेत न धावलेल्या या पल्ल्याला ती उभी राहिली आणि रौप्यपदक घेऊन आली. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री. त्या शर्यतीला बरोबर तीन वर्षे झाली त्याच तारखेला, २ ऑगस्ट १९३१ रोजी, न्यूमोनियाने ती गेली. वय चोवीस. ज्या वयात ललितेला आपली शर्यत सापडली, त्या वयात हितोमीची सगळीच शर्यत संपली होती.

पण तिच्याआधी तिच्या शर्यतीचा बळी गेला होता. वर्तमानपत्रांनी लिहिले, की या बायका शर्यतीनंतर कोसळल्या, रडल्या. हा पल्ला त्यांच्या नाजूक प्रकृतीला झेपणारा नाही. पुरुष धावपटू शर्यतीनंतर गवतावर आडवा पडला तर त्याने पराक्रम केला असे म्हणतात; बाई आडवी पडली तर ती कोसळली! झाले. आठशे मीटर बंद. १९५२ साली हेलसिंकीला आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवले. त्याच ऑलिंपिकला मुंबईची मेरी डिसूझा आणि बंगालची नीलिमा घोष धावायला गेल्या होत्या, आणि तेव्हा स्त्रियांची एकटीने धावण्याची सर्वांत लांब शर्यत होती दोनशे मीटरची. अर्धी फेरीसुद्धा पुरती वळणारी! आठशे मीटर परत आले १९६० मध्ये, पंधराशे १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये. आणि पुरुषांसाठी १९०० सालापासून असलेली स्टीपलचेस स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये मिळाली २००८ साली. एशियाडमध्ये तर २०१० साली.

२००८ साली मोहीची ललिता एकोणीस वर्षांची होती. तिच्या शाळेच्या वयात, तिच्या पायांत जी शर्यत दडलेली होती, ती ऑलिंपिकच्या कागदावर नव्हतीच. दुष्काळी गावातून बाहेर पडायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ जगाला दार उघडायला लागला होता.

या इतिहासात मला एक शब्द पुन:पुन्हा भेटला. त्या दारामागे कोणी राक्षस उभा नव्हता. अॅमस्टरडॅमनंतर शर्यत बंद करणाऱ्यांनी ती स्त्रियांच्या काळजीपोटी बंद केली. काळजी! हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटले. कारण हा शब्द माझ्या तोंडचा होता.

२००९ सालची गोष्ट. माझ्या वर्गात, नववीत, एक मुलगी होती. तिचे नाव लिहीत नाही. शाळाशाळांच्या स्पर्धेत आठशे मीटर धावायची. दुसऱ्या फेरीला बाकीच्या मुली हात सोडून द्यायच्या, तेव्हा ही खरी धावायला लागायची. एके दिवशी तिचे वडील शाळेत आले. "सर, पुढच्या वर्षी दहावी. हे धावणं चालू ठेवू का बंद करू? तुम्ही सांगाल तसं." माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकला थांबलेले, एवढ्याशा पाटीवर मी मास्तर झालो आणि कादंबऱ्या लिहिल्या. ज्याची नाव मॅट्रिकच्या धक्क्यालाच लागून राहिली, त्याला त्या परीक्षेचा धाक इतरांहून जास्त असतो. मी म्हणालो, "आता पुरे. वर्ष महत्त्वाचं आहे. नंतर धावेल की." वडिलांनी मान डोलावली. मुलगी दाराशी उभी होती. ती काहीच बोलली नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते.

ती दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. मी सांगितलेले 'नंतर' मात्र आले नाही.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, ती मला बेव्हर्ली पार्कात भेटली. हातात फराळाच्या सामानाच्या पिशव्या, सोबत सहा वर्षांची मुलगी. वाकून नमस्कार केला. मी धीर करून तो विषय काढला, तर हसून म्हणाली, "नाही हो सर. तुम्ही माझ्या काळजीनंच सांगितलं होतंत. बरोबरच होतं ते."

तिने रागावून दोन शब्द सुनावले असते, तर मला बरे वाटले असते.

आता माझ्याकडे कोणी पालक तोच प्रश्न घेऊन आले, तर मी आधी मुलीला आत बोलावतो आणि तिला विचारतो. कधी ती अभ्यास म्हणते, कधी धावणे म्हणते, पुष्कळदा दोन्ही म्हणते. मी वेळापत्रक आखून देतो. मास्तराला तेवढेच येते.

आमचे बोलणे चालू असताना ती सहा वर्षांची पोर आईचा हात सोडून इमारतीभोवती पळत सुटली होती. एक फेरी मारून लालबुंद होऊन आली आणि माझ्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, किती सेकंद झाले?"

आजोबा म्हणवून घ्यायचे माझे वय नाही, पण ते जाऊ द्या. मी घड्याळ पाहिलेच नव्हते. तसे कबूल केले आणि म्हणालो, "पुन्हा पळ. या वेळी नीट मोजतो."