४३,२०,००० : महायुगाच्या वर्षसंख्येचे गणित

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले मुरुड हे ज्योतिर्गणिताचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) यांचे जन्मगाव. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या त्यांच्या मराठी ग्रंथात प्राचीन सिद्धान्तांची साक्षेपी चिकित्सा आढळते. या सिद्धान्तांचा पाया असलेली संख्या म्हणजे महायुगाची ४३,२०,००० सौरवर्षे.

या संख्येचे मूळ अवयव २, ३ आणि ५ एवढेच आहेत. २ चा आठवा, ३ चा तिसरा आणि ५ चा चौथा घात यांचा गुणाकार म्हणजे ही संख्या. तिला एकूण १८० विभाजक आहेत. सूर्यसिद्धान्तात महायुगाची ४:३:२:१ या प्रमाणात विभागणी केली आहे. कृत १७,२८,०००, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कली ४,३२,००० वर्षांचे. यांपैकी १७,२८,००० हा १२० चा घन आहे, तर १२,९६,००० ही वर्तुळातील विकलांची संख्या आहे.

कल्पाचा हिशेबही असाच नेटका आहे. ७१ महायुगांचे एक, अशी १४ मन्वंतरे म्हणजे ९९४ महायुगे. कृतयुगाएवढे १५ संधिकाल म्हणजे आणखी ६ महायुगे. बेरीज बरोबर १,०००, म्हणजेच ४३२ कोटी वर्षे.

एवढी मोठी संख्या कशासाठी? अपूर्णांक टाळण्यासाठी. महायुगातील ग्रहांच्या प्रदक्षिणा आणि दिवस पूर्णांकांत दिले, की इष्ट दिवसाचा मध्यम ग्रह केवळ त्रैराशिकाने निघतो. आर्यभटाने महायुगाचे १,५७,७९,१७,५०० दिवस मानले. या दोन संख्यांना संक्षेप दिल्यास ५७६ वर्षांत नेमके २,१०,३८९ दिवस येतात. सूर्यसिद्धान्ताची दिवससंख्या १,५७,७९,१७,८२८ आहे. येथे सामाईक विभाजक केवळ ४ असल्याने दिवसांचा पूर्णांक १०,८०,००० वर्षांनीच साधतो. सूर्य, चंद्र व पाच ग्रहांच्या प्रदक्षिणांच्या संख्यांनाही ४ ने नि:शेष भाग जातो, हे लक्षणीय आहे.

मात्र संख्येचा नेटकेपणा म्हणजे वेधांची अचूकता नव्हे. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचे होते. आधुनिक नाक्षत्र वर्ष ३६५.२५६३६३ दिवसांचे आहे. फरक सुमारे साडेतीन मिनिटांचा. इंग्रजी दिनदर्शिकेचे सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे असल्याने सूर्यसिद्धान्तानुसार मकरसंक्रांत सुमारे ६१ ते ६२ वर्षांनी, तर आधुनिक नाक्षत्र मानाने सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १४ जानेवारीची संक्रांत काही वर्षी १५ ला येते, त्यामागे इंग्रजी लीप वर्षाच्या चक्राबरोबरच हा संथ फरकही असतो. पंचांगशुद्धीचा वाद प्रामुख्याने वर्षमान आणि अयनांश यांविषयीचा आहे; ४३,२०,००० या संख्येला त्याने बाध येत नाही, कारण ती वेधाने मिळालेली नसून हिशेबाच्या सोयीसाठी निवडलेली आहे.