एका पानाचा फॉर्म



गावात दिव्यांगांचा सर्वे निघाला की घरोघर कोण फिरतं? आशाताई फिरतात, अंगणवाडीच्या ताई फिरतात, नाहीतर आपल्याच बचत गटातल्या दोघीतिघी फिरतात. हातात फॉर्म असतो. नाव काय, वय किती, त्रास काय, कधीपासून, काम जमतं का, घरी बघायला कोण आहे. समोरची माय सांगत जाते, आपण लिहीत जातो. संध्याकाळी गठ्ठा बांधून संस्थेच्या माणसाच्या हाती दिला की आपण मोकळ्या. त्या गठ्ठ्याचं पुढं काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही.

आज अशाच एका फॉर्मचा इतिहास सांगते. तो जर्मनीत घडला, सुमारे 85 वर्षांमागे. फॉर्म अवघ्या एका पानाचा होता. तो भरणारे बरेचसे लोक साधे होते, नेकीनं नोकरी करणारे होते. म्हणून तर तो आपण ऐकायला हवा.

जर्मनीत दिव्यांगांना सांभाळणाऱ्या धर्मादाय संस्था फार जुन्या. बीलेफेल्ड शहराजवळ बेथेल नावाची संस्था आहे. 1867 साली ती अपस्माराच्या, म्हणजे फीट येणाऱ्या रुग्णांसाठी सुरू झाली आणि वाढत वाढत तिथं एक गावच वसलं. ख्रिस्ती धर्मसेवकांनी चालवलेल्या अशा कितीतरी संस्था देशभर होत्या. राहणाऱ्या प्रत्येकाची तिथं नोंद असायची. आजार कोणता, घरचं कोण, हाताला कोणतं काम जमतं, सगळं लिहिलेलं. यात वाईट काही नव्हतं. रात्री फीट येते हे ठाऊकच नसेल, तर रात्री उशाशी कोण बसणार? माहिती ही सेवेची पहिली पायरी होती, आजही आहे.

1933 साली हिटलरचं सरकार आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये कायदा झाला की ज्यांचे आजार आनुवंशिक आहेत असं ठरवलं जाईल, त्यांची नसबंदी करायची, त्यांची इच्छा नसली तरी. त्यात फीट येणारे होते, जन्मापासून न दिसणारे, न ऐकू येणारे होते, मनाचे आजार असलेले होते, बुद्धी कमी म्हणून शिक्का बसलेले होते. सुमारे 4 लाख बाया-पुरुषांची अशी नसबंदी झाली. एवढी माणसं सरकारला सापडली कशी? डॉक्टरांनी कळवली, संस्थांनी कळवली. बेथेलसारख्या नावाजलेल्या संस्थेतही या नसबंद्या झाल्या. सेवेसाठी लिहिलेली वही अशी दुसऱ्याच कामाला लागली.

मग आला 1939 चा ऑगस्ट. सरकारनं गुप्त हुकूम काढला. व्यंग घेऊन जन्मलेलं बाळ किंवा तीन वर्षांच्या आतलं असं मूल दिसलं की डॉक्टरांनी आणि सुइणींनी सरकारला कळवायचं. कारण सांगितलं होतं शास्त्रीय अभ्यासाचं. एका नोंदीमागं सुइणीला 2 मार्क मिळायचे. मैत्रिणींनो, सुईण म्हणजे बाईच्या सगळ्यात नाजूक वेळी तिच्याजवळ असणारी बाई. घरातलं जे नवऱ्याला कळायचं नाही ते तिला कळतं. तिच्याच हातानं ही नोंद करून घेतली. ज्या मुलांची नोंद झाली, त्यांतल्या अनेकांना चांगल्या उपचाराच्या नावाखाली खास वॉर्डात नेलं आणि तिथं औषध जास्त देऊन किंवा उपाशी ठेवून मारलं. अशी निदान 5 हजार मुलं गेली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो एका पानाचा फॉर्म संस्थांकडे यायला लागला. सोबतच्या पत्रात एवढंच लिहिलं होतं की संस्थांच्या नियोजनासाठी नोंदणी हवी आहे. प्रश्नही रोजचेच. नाव, जन्मतारीख, वंश. आजार कोणता. संस्थेत किती वर्षं आहे. खर्च कोण देतं. काम काय करतो आणि किती करतो. शिवाय आणखी एक प्रश्न होता: याला नेमानं भेटायला कोणी येतं का, येत असेल तर कोण, त्याचा पत्ता काय?

हा शेवटचा प्रश्न जरा मनात ठेवा. भेटायला येणारं माणूस म्हणजे उद्या काही झालं तर जाब विचारायला येणारं माणूस.

भरलेल्या फॉर्मच्या नकला तीन डॉक्टरांकडे जायच्या. ते रुग्णाला बघायचे नाहीत, त्याच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त कागद बघायचा आणि खूण करायची. निळी वजाबाकीची खूण म्हणजे जगू द्या. लाल बेरजेची खूण म्हणजे मारा. ज्याच्या कागदावर लाल खूण, त्याला बसमध्ये घालून न्यायचे. अशा सहा जागा होत्या. त्यांतली पहिल्यांपैकी एक होती ग्राफेनेक. हा डोंगरावरचा वाडा मुळात एका ख्रिस्ती संस्थेचा दिव्यांगांसाठीचा आश्रम होता. सरकारनं तो ताब्यात घेतला, आणि जानेवारी 1940 पासून तिथं विषारी वायूनं माणसं मारायला सुरुवात झाली. ऑगस्ट 1941 पर्यंत या सहा जागांवर 70 हजारांहून जास्त माणसं मारली गेली.

घरच्यांना टपालानं पत्र जायचं, त्यात मरणाचं खोटं कारण असायचं. पण खोट्याच्या कारखान्यातही चुका होतात. कुणाला कळवलं की तुमचा माणूस अपेंडिक्सनं गेला, आणि त्याचं अपेंडिक्स तर कित्येक वर्षांपूर्वीच काढलेलं. अशा पत्रांवरून लोकांत कुजबुज सुरू झाली.

आता खरा प्रश्न. ज्या संस्था या माणसांना आपली लेकरं म्हणायच्या, त्यांनी काय केलं?

पुष्कळ संस्थांनी फॉर्म भरले. सरकारी कागद आला, भरून पाठवायचा, एवढाच विचार. काहींना वाटलं की कामाला जमणारी माणसं सरकार लढाईच्या कारखान्यांत ओढून नेणार. आपल्या शेतात, धुलाईघरात राबणारी माणसं जाऊ नयेत म्हणून त्यांनी लिहिलं, हा फारसं काम करू शकत नाही. त्यांना वाचवायला लिहिलेल्या त्याच ओळीनं त्यांचा जीव गेला. उद्देश माहीत नसताना भरलेला फॉर्म असा उलटतो. भरणाऱ्याचं मन चांगलं असून भागत नाही.

काहीजण मात्र अडून बसले. पाउल ब्राउने नावाचे धर्मगुरू बर्लिनजवळच्या लोबेटालच्या संस्था चालवत. मे 1940 मध्ये त्यांच्या एका आश्रमातल्या 25 मुलीबायांना न्यायला सांगितलं गेलं. त्यांनी दिल्या नाहीत. नंतर वेगवेगळ्या संस्थांतून माहिती गोळा करून, कुठून किती माणसं नेली आणि किती दगावली याचं टिपण काढलं आणि जुलैमध्ये थेट सरकारला पाठवलं. ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली, काही महिने कोठडीत काढावे लागले.

बेथेलचे प्रमुख होते फ्रीडरिश फोन बोडेलश्विंग. 1940 मध्ये बेथेलला फॉर्म आले तेव्हा त्यांनी ते भरायला नकार दिला. पण हा इतिहास अर्धवट सांगून चालणार नाही. फॉर्म भरले नाहीत म्हणून 1941 च्या फेब्रुवारीत सरकारी डॉक्टरांची टोळीच बेथेलला आली. ती यायच्या आधी बेथेलच्याच डॉक्टरांनी आपल्या रुग्णांची वर्गवारी करून ठेवली होती, म्हणजे पाहुण्यांनी मनाला येईल तसे शिक्के मारू नयेत. ही वाचवण्याची धडपड होती की दिलेला हात होता, यावर आजही वाद होतो. आणि बेथेलच्या ज्यू रुग्णांना त्याआधीच सप्टेंबर 1940 मध्ये नेलं होतं. त्यांना वाचवता आलं नाही. जवळ कागद असला की नाही म्हणणाऱ्यालाही किती अवघड जातं, ते यावरून कळावं.

3 ऑगस्ट 1941 रोजी म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी प्रवचनात ही हत्या उघडपणे बोलून दाखवली. त्याच महिन्यात बसगाड्या थांबल्या. मारणं मात्र थांबलं नाही. संस्थांच्या आत उपासमार आणि औषधं सुरूच राहिली. लढाई संपेपर्यंत जर्मन राज्यात अशी सुमारे 2 लाख माणसं मारली गेली.

त्या कागदांचं पुढं काय झालं? काही नष्ट केले. पण मारलेल्यांच्या सुमारे 30 हजार फायली उरल्या. त्या पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या कपाटात 1990 नंतर सापडल्या. मग नवा पेच पडला. ही नावं जाहीर करावीत का? कित्येक घरांनी आपल्या आत्याचं, चुलत्याचं नाव लाजेपोटी कधी घेतलंच नव्हतं. वेडाचा वारसा आहे असं कळलं तर नातवंडांची लग्नं कशी व्हायची, ही भीती आपल्याला काही नवी नाही. शेवटी 2018 मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यानं नावांची यादी खुली केली. ज्यांना नुसता आकडा करून मारलं, त्यांना निदान नाव तरी परत मिळावं, हा विचार त्यामागं होता.

म्हणजे कागद वाईट, असा याचा अर्थ नाही. आपल्या देशाचंच बघा. इंग्रजांच्या काळात 1872 पासून 1931 पर्यंत जनगणनेत अंध, मूकबधिर, मनोरुग्ण आणि कुष्ठरोगी मोजले जायचे. मग तो प्रश्न गेला. 1981 मध्ये परत आला, 1991 मध्ये पुन्हा गळला. ज्यांना मोजलंच नाही, त्यांच्यासाठी पैसा मागायचा तरी कशाच्या जोरावर? दिव्यांग संघटनांना त्यासाठी झगडावं लागलं. 2001 पासून प्रश्न परत आला, आणि 2011 च्या जनगणनेत 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले. आज पेन्शन हवी तर दाखला लागतो, वैश्विक ओळखपत्र लागतं. नोंद नसेल तर माणूस योजनेतून गळतो.

म्हणून नोंद करायचीच. पण ती कोणासाठी, कशासाठी आणि कुठवर, हे ठरवून करायची. याच जर्मनीतल्या हेसन राज्यानं 1970 मध्ये माणसांच्या माहितीच्या रक्षणाचा जगातला पहिला कायदा केला. 1983 मध्ये जनगणनेच्या प्रश्नांवरून लोक चिडले, प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं की माझी माहिती कोणाला आणि कशासाठी द्यायची, हे ठरवायचा हक्क मुळात माझा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. 2023 मध्ये डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. कागदावर लिहून नंतर मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये भरलेली माहितीही त्यात येते. कशासाठी माहिती हवी ते आधी सांगायचं, मराठीत हवं तर मराठीत सांगायचं. दिलेली संमती माणूस परत घेऊ शकतो, चूक दुरुस्त करून मागू शकतो, काम संपल्यावर पुसायला सांगू शकतो.

आता आपल्या गटाकडे येऊ. उद्या एखादी संस्था फॉर्मचा गठ्ठा घेऊन आली तर आधी आपणच विचारायचं: हे कशासाठी? कोणाकडे जाणार? कुठं ठेवणार? उत्तर नीट नसेल तर पेन उचलायचं नाही. कुबड्या द्यायच्या असतील तर उंची लागते, जात कशाला लागते? ज्या प्रश्नाचं काम नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. बोलणं घराच्या आत, शेजारणीला बाजूला ठेवून करायचं. आणि बोलायचं त्या माणसाशी. दिसत नसलं, चालता येत नसलं, तरी हो-नाही म्हणायला तोंड त्याचं आहे. सासूला किंवा भावाला विचारून मोकळं व्हायचं नाही. एखाद्याला समजायला वेळ लागत असेल तर वेळ द्यायचा, आणि ज्याच्यावर त्याचा भरवसा आहे त्याला सोबत बसवायचं.

अजून एक. तीनचाकी सायकल वाटली की लगेच फोटो, आणि फोटोखाली नाव, गाव, आजार. तो फोटो पाच ग्रुपवर फिरतो. सायकल घेणाऱ्या मुलीला विचारलं होतं का? सायकल समोर उभी असताना ती नाही कशी म्हणेल? म्हणून विचारायचं ते सायकल तिच्या हाती दिल्यावर. आणि नाही म्हणालीस तरी सायकल तुझीच, हे तिला आधी सांगायचं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. गटाचं कपाट उघडा, मोबाइलची गॅलरी उघडा. जुन्या सर्वेचे फॉर्म, आधारच्या झेरॉक्स, दाखल्यांचे फोटो किती पडून आहेत ते बघा. ज्याचं काम संपलं ते मूळ मालकिणीला परत द्या, नाहीतर तिला सांगून फाडून टाका, मोबाइलमधून पुसा. उरलेलं कुलपात ठेवा आणि किल्ली कोणाकडे आहे ते वहीत लिहा. ज्या मायनं आपल्याला दारात बसवून लेकराचं दुखणं सांगितलं, तिनं ते आपल्या हवाली केलेलं आहे. ते आपलं झालेलं नाही.