चाक आणि मधला मनुष्य

नारपोलीहून राहनाळ-काल्हेरकडे निघाले की रस्त्याच्या दोहो बाजूंस गोदामांच्या रांगा लागतात. मागांच्या खडखडाटासाठी ओळखली जाणारी भिवंडी आता मोठी वखारही झाली आहे. मुंबईची जकात माल विकण्याआधीच भरावी लागू नये म्हणून व्यापारी तो हद्दीबाहेर ठेवू लागले. २०१७ साली जकात गेली, गोदामे मात्र राहिली. अशा गोदामांतून आज घरपोच जाणाऱ्या नाना वस्तूंत सायकलची चाकेही असतात. खडीच्या रस्त्यावर चालणाऱ्या ग्रॅव्हल सायकलसाठी कोणी तरुण उंच कडेच्या, म्हणजे 'डीप' रिमची जोडी मोबाइलच्या पडद्यावर पाहून मागवितो.

दुरून चाक मागविणे आपल्याकडे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता सायकली खरेदी करून बेळगावास धाडीत आणि बंधू रामुअण्णा त्या तेथे विकीत. १८८८ हे त्यांच्या उद्योगाचे आरंभवर्ष मानतात. डनलपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले तेही याच वर्षी. योगायोग मौजेचा खरा! पण रामुअण्णा सायकल हाती देऊन मोकळे होत नसत. पंधरा रुपये घेऊन ती चालवावयास शिकवीत. कारखाना आणि स्वार यांच्यामध्ये एक जाणता मनुष्य उभा होता. पुढे गावोगावच्या सायकलवाल्याने हेच काम केले. चाकाचा आउट काढावा, तारा कसाव्या, आणि वेळ पडल्यास "ही रिम तुला चालायची नाही" असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावे. पडद्यावरच्या खरेदीत नेमका हा मनुष्य नाही, आणि त्याचे ज्ञान आता घेणाऱ्यालाच मिळवावे लागते.

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. सायकलच्या चाकात ताणलेल्या तारा तो पेलतात. जेम्स स्टार्लीने १८७४ साली तारा तिरप्या बसविल्या, तेव्हापासून ही रचना फारशी बदललेली नाही. बदलली ती कड. वेगात स्वाराचा मुख्य शत्रू वारा. १९८४ साली मेक्सिकोत फ्रान्चेस्को मोझर भरीव तबकड्यांच्या चाकांवर एका तासात ५१.१५१ किलोमीटर गेला. त्यानंतर चाकाने वारा कापण्याचा विचार सर्वत्र बळावला व रिमची कड उंच होत गेली.

पण तो धावपट्टीचा प्रताप. खडीवर वेग कमी, म्हणून लाभही कमी. शिवाय टायर रिमपेक्षा रुंद असेल तर उंच कडेचा बराचसा उपयोग वाया जातो. जाणकार म्हणतात की रिमची बाहेरची रुंदी टायरहून सुमारे पाच टक्के अधिक असावी. म्हणजे ४० मिलिमीटरच्या टायरला ४२ची रिम. हे आकडे न पाहता घेतलेली उंच रिम आमच्या मते नुसती शोभा होय. कशेळीच्या पुलावर खाडीचा आडवा वारा सुटला की ती शोभा पुढचे चाक ओढू लागते, आणि मागून तर कंटेनर येत असतात.

हाडांशी गाठ आहे ती 'हुकलेस' रिमच्या बाबतीत. तिच्या कडेला आतून ओठ नसतो. तिच्यासाठी मान्य केलेलाच टायर घालावा लागतो आणि हवा पाच बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पौंडांच्या, वर भरता येत नाही. जुन्या सवयीने पंप मारणाऱ्याचा टायर भर रस्त्यात निसटू शकतो. मागचा आस १२ गुणिले १४२चा आहे काय, दातेरी चक्रांची कॅसेट त्या तुंब्यावर बसते काय, उंच कडेतून वर येईल इतका व्हॉल्व्ह लांब आहे काय, हेही विचारले पाहिजे. कार्बनच्या रिमला वाहतुकीत धक्का बसला तर तडा वरून दिसेलच असे नाही.

एवढे करूनही खोके उघडल्यावर टायर आणि डिस्क बसवावयास बहुतेक जण शेवटी नाक्यावरच्या दुकानदाराकडेच जातात. तो चाक फिरवितो, कान देतो, आणि पुष्कळदा तेव्हाच सांगतो की हे तुझ्या सायकलला लागणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी सायकल घेऊन त्याच्याकडे जावे, मापे त्याच्याकडून लिहून घ्यावी, आणि रामुअण्णांच्या पंधरा रुपयांसारखी त्या सल्ल्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवावी.