‘पाहुणे ससाणे’

थंडीच्या तोंडावर लोणावळ्याच्या पठारांवर उडते किडे टिपताना दिसणारे हे पक्षी म्हणजे अमूर ससाणे. सैबेरिया व ईशान्य चीनमध्ये वीण करून ते अरबी समुद्र ओलांडतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात हिवाळा काढतात. मावळ ही वाटेतली विसाव्याची जागा. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी जाळी लावून त्यांची हजारोंनी कत्तल झाली. पुढच्याच हंगामात गावकऱ्यांनी शब्द दिला आणि ती पूर्ण थांबवली. माझ्या मते, कोणत्याही करारापेक्षा हा शब्द मोठा. करार तर आहेतच: स्थलांतरित प्राण्यांसाठीच्या १९७९च्या बॉन करारात भारत १९८३ पासून आहे आणि त्याअंतर्गत शिकारी पक्ष्यांविषयीच्या सामंजस्य करारावर त्याने २०१६ मध्ये सही केली. —संपादक