चोरलेल्या मैफिलींचे वारसदार

१/ मार्च १९४७. लॉस एंजेलिसच्या ‘हाय-डी-हो’ क्लबात चार्ली पार्कर सॅक्सोफोन वाजवीत आहे. तेथेच डीन बेनेडेट्टी हा तरुण सॅक्सोफोनवादक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन बसला आहे. पार्करचे वादन सुरू झाले की यंत्र सुरू. दुसऱ्याची पाळी आली की बंद. कोऱ्या तबकड्या अशा उधळून कशा चालतील? आजचा धागा अशा ध्वनिमुद्रणांविषयी आणि पुढे ती विकू लागलेल्या वारसदारांविषयी.

२/ पार्कर १९५५ साली गेला, बेनेडेट्टी १९५७ साली. त्याचा संग्रह कुटुंबाकडे राहिला आणि जॅझच्या जगात त्याची दंतकथा झाली. १९९० साली मोझेक या कंपनीने तो सात सीडींच्या संचात प्रसिद्ध केला. स्टुडिओत तीन मिनिटांच्या तबकडीत कोंडलेला पार्कर क्लबात रात्रीमागून रात्री काय करीत होता, याचा इतका सलग पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो.

३/ मंचावरील वादनाच्या अशा अनधिकृत ध्वनिमुद्रणाला इंग्रजीत ‘बूटलेग’ म्हणतात. मूळ शब्द दारूच्या चोरट्या व्यापारातला. बुटाच्या लांब नळीत बाटली लपवून नेणाऱ्यांवरून आलेला. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकेची नक्कल करणे ही एक चोरी. पण जी मैफल कोणी ध्वनिमुद्रित करणारच नव्हते ती टिपून घेणे ही निराळी गोष्ट. त्यात माल चोरणाराच तो माल निर्माणही करतो.

४/ जॅझमध्ये हा व्यवहार इतका फोफावला, कारण या संगीताचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे. तीच रचना काल आठ मिनिटे चालली, आज पंचवीस. आपल्याकडच्या रागसंगीताच्या श्रोत्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कलावंताची एक उत्तम ध्वनिमुद्रिका घरी असली, तरी ‘त्या रात्री’ तो काय वाजवला ही हुरहूर संपत नाही. चोरबाजार याच हुरहुरीवर उभा राहिला.

५/ न्यूयॉर्कच्या बोरिस रोझने तर रेडिओवरून प्रसारित होणाऱ्या क्लबमधील मैफिली वर्षानुवर्षे टिपून घेतल्या आणि निरनिराळ्या काल्पनिक कंपन्यांच्या नावांनी त्यांच्या ध्वनिमुद्रिका विकल्या. वादकांना त्यातून काही मिळत नसे. पण ते प्रसारण हवेत विरून गेले असताना अनेकदा त्याचीच टेप मागे उरली. एकाच माणसाला आपण चोर म्हणावे की दप्तरदार?

६/ कायदा या प्रश्नाकडे फार उशिरा वळला. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. पण ज्या वादनाचे अधिकृत ध्वनिमुद्रणच झालेले नाही, त्यावर वादकाचा हक्क मान्य करणारी तरतूद यायला डिसेंबर १९९४ उजाडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यातही सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क समाविष्ट झाला. दोन्ही बदलांमागे जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटी होत्या.

७/ युरोपात पळवाटा होत्या. फिल कॉलिन्स या ब्रिटिश गायकाच्या १९८३ च्या कॅलिफोर्नियातील कार्यक्रमाचे अनधिकृत ध्वनिमुद्रण जर्मनीत उघड विकले जात होते. गायक जर्मन असता तर ते थांबवता आले असते. परदेशी होता म्हणून नाही! अखेर ऑक्टोबर १९९३ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, सदस्य देशांच्या नागरिकांत असा भेद करता येणार नाही. पण बहुसंख्य जॅझवादक अमेरिकन होते, आणि तोवर अनेक जण हयातही नव्हते.

८/ येथे वारसदार रंगमंचावर येतात. बासवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगस ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोत निवर्तला. त्याची पत्नी सू हिने त्याच्या अस्थी भारतात आणून गंगेत विसर्जित केल्या. मग तिने त्याच्या संगीताचा संसार हाती घेतला. दुकानांच्या फळ्यांवर नवऱ्याच्या मैफिलींच्या चोरट्या ध्वनिमुद्रिका दिसल्या की ती त्या उचलून, पैसे न देता, सरळ बाहेर पडत असे. जे आपलेच आहे त्याचे पैसे कसले, हा तिचा सवाल.

९/ पण फळ्या रिकाम्या करून चोरबाजार थांबत नाही. म्हणून तिने स्वतःच एक कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले ‘रिव्हेंज’, म्हणजे सूड. १९९६ साली तिने मिंगसच्या एप्रिल १९६४ मधील पॅरिसच्या वादनाचा संच याच नावाने प्रसिद्ध केला. चोरट्यांनी वर्षानुवर्षे विकलेले संगीत आता कलावंताच्या घरून येत होते.

१०/ या सुडाला वंशपरंपरा होती. मिंगसने मॅक्स रोचसह १९५२ साली ‘डेब्यू’ ही स्वतःची कंपनी काढली होती. मे १९५३ मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमधील मैफलीला श्रोते कमी आले, मानधनाची पंचाईत झाली. तेव्हा मिंगसने टेप ताब्यात घेतली आणि ‘डेब्यू’तर्फे प्रसिद्ध केली. पार्कर दुसऱ्या कंपनीशी बांधलेला होता, म्हणून वेष्टनावर त्याचे नाव छापले ‘चार्ली चॅन’! चोरट्यांचा द्वेष करणारा मिंगसही करारांच्या बाबतीत फारसा सोवळा नव्हता.

११/ पुढे माँटेरे येथील १९६४ च्या मैफलीची ध्वनिमुद्रिका त्याने टपालाने थेट श्रोत्यांना विकली. मधली दुकाने नकोत, दलाल नकोत. आजचा वारसदार संकेतस्थळावरून मैफल डाउनलोड म्हणून विकतो, तेव्हा तो मिंगसच्याच वाटेवर असतो. फक्त पोस्टमन बदलला आहे.

१२/ दुसरी विधवा लॉरी पेपर. सॅक्सोफोनवादक आर्ट पेपरचे व्यसन, तुरुंगवास, अधःपतन हे सारे त्याच्या तोंडून टेपवर उतरवून तिने १९७९ साली त्याचे आत्मचरित्र सिद्ध केले. ३० मे १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याची शेवटची मैफल झाली; त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी तो गेला. दोन दशकांहून अधिक काळाने लॉरीने ‘विडोज टेस्ट’ म्हणजे ‘विधवेची आवड’ ही कंपनी काढली. जपानमधील आबाशिरीची १९८१ ची मैफल आणि ती शेवटची मैफल अशा अप्रकाशित टेपा तिने सीडींवर आणि पुढे डाउनलोड म्हणूनही आणल्या.

१३/ डाउनलोडने नेमके काय बदलले? ध्वनिमुद्रिका छापायची तर एका खेपेला काही शे प्रती काढाव्या लागतात आणि गोदाम लागते. एखाद्या गावातील एका रात्रीची, किंचित खरखरणारी मैफल मोजक्याच लोकांना हवी असते. कंपनीला ते परवडत नाही. फाइलला गोदाम नको. जॅझ आणि रॉकच्या सीमेवरचा फ्रँक झापा याने १९९१ साली आपल्याच चोरट्या ध्वनिमुद्रिकांची पुनर्मुद्रणे काढली होती. त्याच्या मृत्यूनंतर, २००९ साली, कुटुंबाने त्या मालिकेचा तिसरा भाग काढला तो डाउनलोड स्वरूपातच.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात मोठा लाभ आहे. चोरट्या टेपेवर तारीख चुकते, रचनांची नावे बदलतात, टेपेची गती बिघडून स्वरही चढतो. वारसदाराकडे करारपत्रे असतात, दैनंदिनी असते, आणि लॉरीसारखी व्यक्ती तर त्या रात्री प्रत्यक्ष हजर असते. तिने लिहिलेले टिपण हे साक्षीदाराचे निवेदन आहे. म्हणूनच नुसती फाइल मिळाली आणि वादकांची यादी मिळाली नाही, की जीव हळहळतो.

१५/ पण वारसा म्हणजे निर्दोष मालकी नव्हे. १९६४ च्या त्या युरोप दौऱ्यावर सहा वादक निघाले होते. एरिक डॉल्फी त्याच जूनमध्ये बर्लिनला मरण पावला. डॅनी रिचमंड १९८८ साली, क्लिफर्ड जॉर्डन १९९३ साली. ‘रिव्हेंज’ बाजारात आली तेव्हा जॉनी कोल्स आणि जाकी बायर्ड एवढेच हयात होते. पोस्टरवर नाव मिंगसचे. पण डॉल्फीचा श्वास कोणाच्या वारशात मोजायचा? कंपनी कोणाचीही असो, विक्रेत्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

१६/ दुसरा प्रश्न नाजूक आहे. वादकाला जी रात्र विसरायची होती, ती विकावी का? आणि उलट, कुटुंबाने केवळ चांगल्याच रात्री पुढे ठेवल्या, तर आपल्या हाती इतिहास येईल की तसबीर? चोरट्याला निवड नव्हती. जे कानी पडले ते त्याने टिपले. त्या बेपर्वाईतही एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता.

१७/ माझे मत असे. टेप करणाऱ्याने पुरावा वाचवला, पण पुराव्याचे पैसे खाल्ले. वारसदार तो पुरावा विकतात तेव्हा चोरी पुसली जात नाही. कमाईची दिशा तेवढी बदलते. म्हणून विक्री न्याय्य ठरवणाऱ्या तीन गोष्टी मला दिसतात : सहवादकांना किंवा त्यांच्या कुटुंबांना वाटा, टेप कोणी आणि कशी केली याची उघड नोंद, आणि वाईट रात्रींविषयीही खरे बोलण्याची तयारी. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. लॉरी पेपरच्या नावावर मात्र तिची साक्ष आहे : नवऱ्याचे आत्मचरित्र सिद्ध करताना तिने त्याचे काहीच झाकले नाही.

१८/ जाता जाता आपल्या घरात डोकवा. माळ्यावरच्या खोक्यात आजोबांनी एखाद्या खाजगी मैफलीत टिपलेली कॅसेट असेल. ती टाकून देऊ नका आणि घाईने सार्वजनिकही करू नका. आधी खोक्यावर तारीख, गाव, गायक, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे लिहा. आजोबा सांगू शकत असतील तोवरच.

धागा समाप्त. प्रश्न खाली अवश्य विचारा.