काठीची राजवाडी होळी

काठीची राजवाडी होळी : नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरांत वसलेल्या काठी या गावी फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री साजरा होणारा आदिवासी उत्सव. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतील भिल्ल, पावरा व त्यांच्याशी नाते सांगणारे समाज येथे जमतात. त्यासाठी कोणाला आवतण द्यावे लागत नाही. रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे.

काठी हे पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एक मोठे संस्थान. चिखली, नाला, नवलपूर, सिंगपूर, गव्हाळी ही त्याच्या बरोबरीने घेतली जाणारी नावे. तापी आणि नर्मदा यांच्यामधील या डोंगराळ मुलखावर भिल्ल सरदारांची सत्ता होती. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेले, जमिनीवरील वतनी हक्कही कायद्याने संपले. होळीच्या पूजेचा राजघराण्याचा मान मात्र लोकांनी राखला. ही होळी 1246 पासून चालत आल्याचे येथील परंपरा सांगते. हे साल पिढ्यांच्या स्मृतीवर उभे आहे. ज्या समाजाची नोंद इंग्रजी दप्तरांत बहुधा ‘लुटारू’ किंवा ‘बंडखोर’ अशीच झाली, ज्याला वठणीवर आणण्यासाठी 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली गेली, त्याने आपल्या उत्सवाचे साल तोंडपाठ ठेवावे, याला इतिहासाच्या अभ्यासातही मोल आहे.

होळीचा दांडा म्हणजे एकच उंच, सरळ बांबू. सुमारे सत्तर फुटांचा. तो गुजरातच्या जंगलातून निवडून आणतात. खड्डा खणण्यासाठी कुदळ-फावडे वापरत नाहीत, हातांनी माती उकरतात. दांडा उभा करतानाही यंत्राची मदत घेत नाहीत. गूळ, डाळ्या, खजूर, हार-कंगण यांनी तो सजतो. एवढे लांब ओझे माणसांच्या बळावर उभे राहते तेव्हा म्हातारे हाकारे देत असतात आणि पोरे खाली मातीत हात घालून असतात. या उत्सवाचे शिक्षण असे चालते. कोणी समोर बसवून सांगत नाही. काम करता करता ते अंगवळणी पडते.

होळीला नवस बोललेले पुरुष बावा, बुध्या, मोरखी अशी रूपे घेतात. अंगावर राखेची नक्षी, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू असा बुध्याचा थाट. सूप आणि लाकडी डोई घेतलेली काली, धानका डोको ही आणखी सोंगे. ‘सोंग’ हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण रूप घेणाऱ्याला पाळनी पाळावी लागते : त्या दिवसांत खाटेवर झोपायचे नाही, अंघोळ नाही, ब्रह्मचर्य राखायचे. लेकराचे आजारपण, घरातली अडचण, पिकाची चिंता अशा कारणांनी नवस बोललेला असतो आणि तो ठरलेली वर्षे फेडावा लागतो. छायाचित्रांतून जगाला टोप आणि भोपळे दिसतात. त्या वेषामागचा संयम दिसत नाही आणि उत्सवाचा खरा अभिमान त्या संयमात आहे. बापाच्या मागे उभा असलेला मुलगा आधी पाळनी पाहतो. टोप त्याच्या डोक्यावर पुढे कधीतरी येतो.

ढोल, मांदळ, बासरी आणि थाळी ही मुख्य वाद्ये. एका गावाचा ढोल दुसऱ्या गावाच्या ढोलासमोर वाजतो, बायका एकसारख्या रंगाची वस्त्रे आणि चांदीचे दागिने घालून फेर धरतात. परिसरात सगळ्या होळ्या एका रात्री होत नाहीत. गावागावांच्या रात्री वेगळ्या असल्यामुळे ढोलाचे संघ आणि नवसकरी एका होळीवरून दुसरीवर जातात. या पट्ट्यात होळीचे मूळ डाब या गावी मानतात. भिल्लांची कुलदेवता याहामोगी, म्हणजेच देवमोगरा माता, हिच्या कथाही डाबच्या डोंगराशी जोडलेल्या आहेत. तिची मोठी जत्रा महाशिवरात्रीला गुजरातच्या सागबारा तालुक्यात भरते.

होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. कपडे, दागिने, गूळ-डाळ्या यांची ही सणाची खरेदी. या बाजाराला बाहेरच्यांनी ‘जोडीदार निवडण्याचा बाजार’ ठरवले. हे वर्णन अपमानकारक आहे आणि त्याविरुद्ध आदिवासी तरुण उघडपणे बोलत आले आहेत.

लग्नाबाबत समाजाची स्वतःची रीत आहे : पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्याचा प्रश्न पंचांपुढे येतो. दोन्हीकडची माणसे बसतात, देज (वधूमूल्य) ठरते, जेवण होते आणि वैर तेथे संपते. राग मनात ठेवण्याऐवजी चारचौघांत त्याचा हिशेब मिटवायचा, ही येथील क्षमेची रीत. तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. डाकीण ठरवलेल्या बाईला ही रीत माफी देत नाही. मारहाण, गावातून हाकलणे असे प्रकार या जिल्ह्यात घडले आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार त्या बायकांना आहे, पण वारसा पुढे देताना यातले काय टाकायचे, हे समाजालाच ठरवावे लागेल.

स्वाभिमानाचा दुसरा प्रवाह याच जिल्ह्यात वाहिला. तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आप धर्माची चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानाने ‘आप’ म्हणा, असे त्यांचे सांगणे होते. 1938 मध्ये ते गेले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. मोहाच्या दारूला विधीत स्थान देणारी परंपरा आणि ती सोडायला सांगणारा आप धर्म, दोन्ही या मातीतच रुजले. पुढे 1972 मध्ये शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून जमिनीचा लढा संघटित झाला. त्याच लढ्यातले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह 1987 मध्ये आला.

दूरच्या एका समाजाशी येथे तुलना होऊ शकते. अमेरिकेत दक्षिण डाकोटातील वूंडेड नी येथे 29 डिसेंबर 1890 रोजी सैन्याने लाकोटा लोकांची कत्तल केली. 1986 पासून लाकोटांनी दर हिवाळ्यात वूंडेड नीच्या वाटेने घोड्यांवरून यात्रा काढली आणि 1990 मध्ये, शंभराव्या वर्षी, ‘अश्रू पुसण्याचा’ विधी केला. पुढे तरुणांच्या यात्रांनी तो धागा चालू ठेवला. नुकसान विसरायचे नाही आणि त्याच्या दुःखात मुलांना अडकवूनही ठेवायचे नाही, हा त्यांचा प्रयत्न सातपुड्यालाही ओळखीचा वाटावा. येथले नुकसान धरणाचे : नर्मदेवरील सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील तेहतीस गावे बाधित झाली. त्यांतले मणिबेली याच अक्कलकुवा तालुक्यातले. नर्मदा बचाव आंदोलनाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून नदीकाठी जीवनशाळा चालवल्या आणि मुलांना त्यांच्या बोलीचा, जंगलाचा आधार घेऊन शिकवले.

काठीच्या आजच्या तरुणांपुढील अडचण रोजगाराची आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलेही बरोबर जातात. होळीला सगळे परततात, म्हणून उत्सवाला गर्दी होते. ती ओसरली की पुष्कळ कुटुंबे पुन्हा कामाच्या गावी निघतात. ढोलाचे ठेके, पाळनीचे नियम, भिलोरी या बोलीतली गाणी शिकायला वर्षभराचा शेजार लागतो. मुलांना गावात ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आणि पहिल्या इयत्तांत भिलोरी जाणणारे शिक्षक यांची गरज म्हणूनच येथे उत्सवाच्या अनुदानापेक्षा मोठी आहे.