एलेनी बूकूरा : अग्नींत गेलेली चित्रकला

ग्रीस म्हटलें कीं रसिकांच्या डोळ्यांपुढें संगमरवरी मंदिरें, होमरचीं महाकाव्यें आणि सॉक्रेटिसाचे संवाद उभे राहतात. परंतु एकोणिसाव्या शतकांत तुर्की सत्ता झुगारून देऊन नव्यानें जन्मास आलेल्या ग्रीसचा इतिहासही कमी मनोवेधक नाहीं. त्या नव्या ग्रीसमध्यें चित्रकलेचें रीतसर शिक्षण घेणारी पहिली स्त्री म्हणून एलेनी बूकूरा-आल्तामूरा हिचें नांव घेतलें जातें. १८२१ सालीं, स्वातंत्र्ययुद्धाचा वणवा पेटला त्याच वर्षीं, स्पेत्सेस नांवाच्या लहानशा बेटावर तिचा जन्म झाला. याच बेटावरील लास्कारिना बूबूलिना या विधवेनें स्वतःचीं जहाजें सज्ज करून तुर्कांशीं झुंज दिली होती. ज्या बेटानें स्त्रीला युद्धनौकेवर उभी पाहिली, तेथील मुलीला हातांत कुंचला धरण्यासाठीं मात्र पुढें पुरुषाचें सोंग घ्यावें लागलें, हा दैवाचा विचित्र खेळ होय.

एलेनीचे वडील योआनिस बूकूरास हे दर्यावर्दी कप्तान. स्वातंत्र्यानंतर १८३४ सालीं अथेन्स ही राजधानी झाली. तेथें या कप्तानानें एक नाट्यगृह विकत घेतलें आणि तें त्याच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. मुलीच्या हातांतील कसब ओळखून तें फुलूं देण्याइतकें मोठें मन या पित्याजवळ होतें. अथेन्सची कलाशाळा नुकतीच सुरू झाली होती, पण तिचे दरवाजे मुलींना बंद होते. तेव्हां त्या शाळेंतील इटालियन शिक्षक राफाएल्लो चेक्कोली यासच घरीं येऊन शिकविण्याची विनंती करण्यांत आली. घरच्या शिकवणीनें भागेल एवढी ही शिष्या लहान राहिली नाहीं. १८४८ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, ती इटलीस गेली.

इटलींत तिच्यापुढें जी अडचण उभी राहिली ती केवळ प्रवेशाची नव्हती. त्या काळच्या कलाशिक्षणाचा सारा पाया मानवी देहाच्या अभ्यासावर रचलेला असे. विवस्त्र मॉडेल समोर ठेवून अस्थि आणि स्नायू यांचें रेखन करावें, त्यावांचून ऐतिहासिक वा धार्मिक चित्रें रंगवितां येत नाहींत, अशी समजूत असे. आणि नेमक्या याच वर्गांत स्त्रीचें पाऊल पडणें अशक्य मानलें जाई. एलेनीनें केस कापले, पुरुषी पोशाख चढविला आणि ग्रीक तरुण म्हणून ती त्या वर्गांत जाऊन बसली. हें धाडस नाटकी वाटेल. परंतु ज्या विद्येची वाट दुसरीकडून बंद आहे, ती मिळविण्याचा हा एकच मार्ग तिच्यापुढें होता.

पुढें फ्रांचेस्को साव्हेरिओ आल्तामूरा या चित्रकाराशीं तिचें प्रेम जडलें. हा गृहस्थ केवळ कलावंत नव्हता. १८४८ च्या नेपल्समधील उठावांत भाग घेतल्यामुळें त्यास तेथील बूर्बों राजसत्तेचा रोष पत्करावा लागला, आणि फ्लॉरेन्समध्यें त्यानें आश्रय घेतला. विवाहासाठीं एलेनीनें आपला ऑर्थोडॉक्स पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारला. सोफिया, योआनिस आणि आलेस्सांद्रो अशीं तीन मुलें या दांपत्यास झालीं. परंतु संसार टिकला नाहीं. जेन बेनम हे या इंग्रज बाईच्या सहवासासाठीं पतीनें घर सोडलें, आणि धाकट्या आलेस्सांद्रोलाही तो घेऊन गेला. ही दुसरी स्त्रीही नांवाजलेली चित्रकार होती! उरलेलीं दोन मुलें घेऊन एलेनी अथेन्सला परतली.

तेथें मुलींना चित्रकला शिकवून तिनें आपला चरितार्थ चालविला. जी विद्या आपणांस वेषांतर करून मिळवावी लागली, ती तिनें आपल्या शिष्यांना उघडपणें दिली. मुलगा योआनिस हा तर आईहूनही भाग्यवान ठरेल असें दिसत होतें. समुद्र आणि जहाजें हा त्याचा विषय. ग्रीसचा राजा पहिला जॉर्ज हा मूळचा डेन्मार्कचा राजपुत्र. त्याच्या शिष्यवृत्तीवर योआनिस १८७३ सालीं कोपनहेगनच्या राजकीय कला अकादमींत गेला आणि सागरचित्रांचा आचार्य कार्ल फ्रेडरिक सोरेन्सेन याच्याजवळ शिकला.

परंतु क्षयरोग या घरांत आधींच शिरला होता. या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख यानें शोधून काढले ते १८८२ सालीं. तोंपर्यंत हवापालट हाच काय तो आधार. मुलीला बरें वाटावें म्हणून आई तिला घेऊन स्पेत्सेस बेटावर गेली, पण १८७२ सालीं सोफिया वारली. १८७६ सालीं योआनिस डेन्मार्कहून परतला, तो हाच रोग घेऊन. आणि १८७८ सालीं, अवघ्या सव्विसाव्या वर्षीं, तोही गेला. त्यानंतर एलेनीचा तोल सुटला. आयुष्यभर जपलेलीं बहुतेक चित्रें तिनें स्वतःच्या हातानें अग्नीच्या स्वाधीन केलीं. पुढचीं वीस-बावीस वर्षें बेटावरील घरांत एकांतांत काढून १९०० सालीं तिनें देह ठेवला.

आज अथेन्सच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत योआनिसचीं सागरचित्रें मानानें टांगलेलीं आहेत. आईच्या हातचें मात्र फारच थोडें मागें राहिलें आहे. त्यामुळें तिच्या योग्यतेचा निवाडा चित्रें पाहून करण्याची सोय उरलेली नाहीं. कोणी म्हणेल, जिचें काम उरलें नाहीं तिला कलेच्या इतिहासांत स्थान कशाला? पण इतिहास हा केवळ शिल्लक राहिलेल्या वस्तूंची यादी नव्हे. ग्रीक लेखिका रेआ गालानाकी हिनें १९९८ सालीं एलेनीवर कादंबरी लिहिली, तिचें नांव ‘एलेनी किंवा कोणी नाहीं’. सायक्लॉप्सच्या गुहेंतून सुटण्यासाठीं ओडिसियसनें आपलें नांव ‘कोणी नाहीं’ असें सांगितलें होतें. संकट टळल्यावर जहाजावरून त्यानें आपलें खरें नांव मोठ्यानें पुकारलें. एलेनीनेंही नांव लपविलें तें ज्ञानाच्या गुहेंत शिरण्यासाठीं. तें पुन्हां मोठ्यानें पुकारण्याचें काम तिच्या हातून झालें नाहीं. तें पुढच्या पिढ्यांवर येऊन पडलें.